विश्लेषण : २० वर्षांची 'पोर्ट' खरेच २० वर्षांची असते का?

परदेशातून आलेल्या नातेवाइकाने आणलेली पोर्ट वाइनची बाटली काही घरांत शोकेसमध्ये किंवा माळ्यावर जपून ठेवलेली असते. 'वाइन जितकी जुनी तितकी चांगली' या समजुतीने ती मुलीच्या पदवीसाठी नाहीतर लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी राखून ठेवली जाते. पोर्टच्या बाबतीत ही समजूत अर्धीच खरी आहे. काही पोर्ट बाटलीत दशकानुदशके सुधारत जातात. काही मात्र बाटलीत भरल्या त्या दिवशीच तयार असतात आणि पुढे त्यांची चव उतरतच जाते. मोठे आकडे दोन्हींच्या लेबलवर असतात. ते आकडे कसे वाचायचे, जुनी पोर्ट नेमकी कशामुळे जुनी होते आणि जगभरातले शौकीन ती एकट्याने न पिता चार जणांत बसून, शेजारी शेजारी ठेवून का चाखतात, याचा हा आढावा.

मुळात पोर्ट म्हणजे काय?

पोर्ट ही उत्तर पोर्तुगालमधील डोरो नदीच्या खोऱ्यात पिकणाऱ्या द्राक्षांची गोड आणि कडक वाइन आहे. नेहमीच्या वाइनमध्ये द्राक्षाच्या रसातील जवळपास सगळी साखर यीस्ट खाऊन टाकते आणि तिचे अल्कोहोल होते. पोर्ट करताना ही प्रक्रिया मध्येच थांबवतात. साधारण अर्धी साखर शिल्लक असताना रसात द्राक्षापासूनच काढलेले ७७ टक्के तीव्रतेचे मद्यार्क ओततात. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट तग धरत नाही. उरलेली साखर तशीच राहते आणि वाइन गोड होते.

प्रमाण साधारण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर मद्यार्क असे असते. दोन्ही मिळून ५५० लिटर होतात. डोरो खोऱ्यातील 'पाइप' या पारंपरिक पिंपाचे मापही तेवढेच आहे. हिशेब करून पाहा. रसात तोवर ६ टक्के अल्कोहोल तयार झाले असेल, तर त्याचे २६ लिटर होतात. मद्यार्कातून सुमारे ८९ लिटर येतात. एकूण ११५ लिटर भागिले ५५०, म्हणजे जवळपास २१ टक्के. पोर्टमध्ये अल्कोहोल साधारण १९ ते २२ टक्के असते, ते यामुळेच. नेहमीच्या वाइनमध्ये ते १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास असते. ही जास्तीची तीव्रता आणि लिटरमागे साधारण १०० ग्रॅम साखर, या दोन गोष्टी पोर्टला दीर्घायुषी करतात.

तिचे नाव मात्र खोऱ्याचे नाही, बंदराचे आहे. वाइन नदीतून नावांनी खाली आणली जाई, पोर्टो शहरासमोरच्या व्हिला नोव्हा द गाया येथील गोदामांत मुरवली जाई आणि तिथून जहाजाने इंग्लंडला जाई. १७०३ च्या मेथ्युएन कराराने इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवरील कर फ्रेंच वाइनपेक्षा कमी झाला आणि मागणी वाढली. मागणीबरोबर भेसळही आली. तिला आळा घालण्यासाठी १७५६ मध्ये पोर्तुगालचे मंत्री, पुढे मार्क्विस ऑफ पोम्बाल म्हणून ओळखले गेलेले सेबास्तियाँव जुझे द कार्वाल्यो, यांनी या प्रदेशाच्या सीमा आखून दिल्या. हेच पोम्बाल गोव्याच्या इतिहासातही भेटतात. १७५९ मध्ये जेझुइट पाद्र्यांना पोर्तुगीज मुलखातून हाकलण्याचा निर्णय त्यांच्याच काळातला.

गोव्यात मिळते ती पोर्ट नव्हे का?

गोव्याहून परतताना अनेक जण 'पोर्ट वाइन' असे लिहिलेली गोड लाल वाइन घेऊन येतात. पोर्तुगीज राजवट १९६१ मध्ये संपली, पण हा शब्द मागे राहिला. ही वाइन भारतीय द्राक्षांची असते, डोरो खोऱ्यातली नसते. ती आवडणे न आवडणे हा ज्याच्या त्याच्या चवीचा प्रश्न. पण 'जुनी पोर्ट' म्हणून जगभर जिची चर्चा होते ती ही नव्हे, आणि ती वर्षानुवर्षे साठवून ठेवण्यातही काही अर्थ नाही.

'पोर्टो' आणि 'डोरो' या दोन्ही नावांना भारतातही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अस्सल पोर्टच्या बाटलीच्या मानेवर डोरो व पोर्ट वाइन संस्थेची, म्हणजे 'आयव्हीडीपी'ची, क्रमांक असलेली हमीपट्टी असते. खरेदी करताना आधी ती पाहावी.

जुनी होण्याचे दोन मार्ग कोणते?

पोर्ट एकतर लाकडात जुनी होते किंवा काचेत. बाकी सगळे या एका फरकातून निघते.

काचेत जुनी होणारी मुख्य पोर्ट म्हणजे 'व्हिंटेज'. एकाच, असाधारण चांगल्या हंगामाची वाइन साधारण दोन वर्षे पिंपात किंवा टाकीत ठेवून, न गाळता बाटलीत भरतात. कोणता हंगाम या दर्जाचा हे कंपनी जाहीर करते आणि 'आयव्हीडीपी'ची मान्यता घ्यावी लागते. एका दशकात सरासरी तीनेक वेळाच अशी सर्वसाधारण घोषणा होते. १९६३, १९९४, २०११ ही गाजलेली वर्षे. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे अनेक कंपन्यांनी जाहीर केली, हा दुर्मीळ अपवाद. भरताना ही वाइन जांभळट काळी, तुरट आणि आडदांड असते. मऊ व्हायला तिला बाटलीत १५-२० वर्षे लागतात, आणि चांगल्या वर्षाची असेल तर ती त्याहून कितीतरी अधिक काळ टिकते.

लाकडात जुनी होणारी पोर्ट म्हणजे 'टॉनी'. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पिंगट. ही वाइन पिंपात वर्षानुवर्षे राहते. लाकडातून झिरपणारा थोडा थोडा प्राणवायू तिला मिळत राहतो आणि तिचा लाल रंग उतरत विटकरी, मग पिंगट, शेवटी मधासारखा होतो. वेगवेगळ्या वर्षांच्या टॉनींचे मिश्रण करून त्यावर १०, २०, ३०, ४० वर्षे असा उल्लेख करतात. अलीकडे ५० वर्षांचाही वर्ग आला आहे. मिश्रण न करता एकाच हंगामाची, किमान सात वर्षे पिंपात मुरवलेली टॉनी असेल, तर तिला 'कोल्येता' म्हणतात. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ सुगी.

या दोन्हींच्या मधली 'एलबीव्ही', म्हणजे लेट बॉटल्ड व्हिंटेज. एकाच वर्षाची ही वाइन चार ते सहा वर्षे लाकडात ठेवून भरतात. व्हिंटेजची थोडीफार ओळख कमी पैशांत करून घ्यायची असेल, तर बहुतेक जण इथून सुरुवात करतात.

लाकडात वाइनचे नेमके काय होते?

पहिली गोष्ट म्हणजे ती कमी होते. पिंपाच्या लाकडातून पाणी आणि अल्कोहोल सतत उडत असते. ही घट वर्षाला साधारण दोन टक्के धरली, तर ५५० लिटरच्या पिंपात १० वर्षांनी सुमारे ४४९ लिटर, २० वर्षांनी ३६७ लिटर आणि ४० वर्षांनी अवघी २४५ लिटर वाइन उरते. प्रत्यक्षात पिंपे वेळोवेळी एकमेकांतून भरून काढतात, पण घट काही टळत नाही. ४० वर्षांच्या टॉनीची किंमत १० वर्षांच्या टॉनीच्या कित्येक पट का असते, याचे अर्धे उत्तर या गणितात आहे. उरलेले अर्धे म्हणजे तेवढी वर्षे अडकून पडलेले भांडवल.

दुसरे म्हणजे उरते ते घट्ट होते. साखर उडून जात नाही, आम्लही जात नाही. म्हणून जुनी टॉनी अधिक गोड आणि तरीही अधिक आंबूस लागते.

तिसरी गोष्ट वासाची. प्राणवायूच्या संपर्कात जुन्या होणाऱ्या पोर्टमध्ये 'सोटोलॉन' नावाचे संयुग तयार होते आणि पिंपातील वर्षांबरोबर त्याचे प्रमाण वाढत जाते. पोर्तुगीज संशोधकांनी यावर बरेच काम केले आहे. मेथीच्या दाण्यांना त्यांचा खास वास देणारे संयुगही हेच. प्रमाण कमी असताना त्याचा वास काकवीसारखा किंवा जळत आलेल्या साखरेसारखा येतो, वाढले की मेथीकडे झुकतो. युरोपीय चाखणाऱ्याला ज्यासाठी शब्द शोधावा लागतो, तो वास मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या नाकाला पहिल्या फटक्यात सापडू शकतो.

बाटलीत मात्र प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथे रंगद्रव्ये आणि तुरटपणा देणारी टॅनिन्स एकमेकांना जोडली जाऊन जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणून जुन्या व्हिंटेजमध्ये गाळ असतो. तो खराबीचे लक्षण नसून वाइन मुरल्याची खूण आहे.

मग लेबलवरच्या '२०' चा अर्थ काय?

इथे स्कॉच व्हिस्कीची सवय असलेल्यांची गल्लत होते. व्हिस्कीच्या बाटलीवर १२ वर्षे लिहिले असेल, तर आतला सर्वांत तरुण थेंबही किमान १२ वर्षांचा असावा लागतो. टॉनी पोर्टला हा नियम लागू नाही. २० वर्षांची टॉनी म्हणजे ढोबळमानाने सरासरी २० वर्षांची. तिच्यात १० वर्षांची वाइन असू शकते आणि ४० वर्षांचीही. नियमाच्या भाषेत सांगायचे तर त्या वाइनचा रंग, वास आणि चव २० वर्षांच्या टॉनीला साजेशी असली पाहिजे. ती तशी आहे की नाही हे 'आयव्हीडीपी'चे तज्ज्ञ चाखणारे नमुन्यावरचे नाव न पाहता ठरवतात.

ही फसवणूक समजू नये. सरासरीचा आकडा सारखा असला, तरी ती कशाकशातून काढली यावर चव अवलंबून असते. १८ आणि २२ वर्षांच्या वाइनचे मिश्रण आणि १० व ३० वर्षांच्या वाइनचे निम्मे निम्मे मिश्रण, दोन्हींची सरासरी २०च. पहिले एकसंध लागेल. दुसऱ्यात तरुण फळाचा ताजेपणा आणि जुन्या लाकडाची खोली दोन्ही जाणवेल. दोन कंपन्यांच्या २० वर्षांच्या टॉनी शेजारी शेजारी ठेवून चाखण्यातली गंमत हीच.

शोकेसमधल्या बाटलीचे काय करायचे?

सर्वांत मोठे नुकसान इथे होते. २० वर्षांची टॉनी २००५ मध्ये बाटलीत भरली आणि २०२५ मध्ये उघडली, तर ती ४० वर्षांची होत नाही. तिचे मुरणे पिंपातून बाहेर पडताच थांबते. बाटलीत तिचा ताजेपणा हळूहळू कमी होत जातो. वयाचा उल्लेख असलेल्या टॉनीवर आणि कोल्येतावर ती बाटलीत कधी भरली याचे वर्ष छापलेले असते. लेबलवरचा मोठा आकडा पाहून झाला की ते छोटे वर्ष शोधावे. भरल्यापासून दोनचार वर्षांत ती पिऊन टाकणे उत्तम.

लेबल समजत नसेल, तर बूच पाहावे. प्लॅस्टिकची किंवा लाकडाची टोपी असलेले, हाताने निघणारे बूच असेल, तर वाइन पिण्यास तयार आहे. बाटली उभी ठेवावी आणि जास्त थांबू नये. लांब, पूर्ण आत गेलेले, स्क्रूने काढावे लागणारे बूच असेल, तर ती व्हिंटेज किंवा न गाळलेली एलबीव्ही असण्याची शक्यता अधिक. ती आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते आणि हवा आत जात नाही.

सर्वांत वाईट जागा म्हणजे माळा. जुन्या वाइनसाठी १२ ते १५ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानतात. पत्र्याखालच्या किंवा गच्चीखालच्या माळ्यावर मे महिन्यात पारा ४०च्या पुढे सहज जातो. तापमान दर १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने १५ ऐवजी ३५ अंशांत वाइन चौपट वेगाने म्हातारी होते आणि तीही बेढब. गरमीने फुगून ती बुचातून झिरपते, ते वेगळेच. शीतकपाट नसेल, तर घरातील सर्वांत थंड खोलीतल्या कपाटाचा खालचा, अंधारा कप्पा त्यातल्या त्यात बरा. खरे तर महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत मुलीच्या जन्मवर्षाची व्हिंटेज २० वर्षे सांभाळणे कठीणच आहे. आठवणीसाठी बाटली हवी असेल, तर त्या वर्षाची कोल्येता त्या वेळी विकत घेणे अधिक शहाणपणाचे. ती तोवर गायाच्या गोदामात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मुरत असते.

चार जण मिळूनच का चाखतात?

याला जसे रसिकतेचे कारण आहे तसे व्यवहाराचेही आहे. जुनी व्हिंटेज उघडली की दोनतीन दिवसांत तिचा दम संपतो. एलबीव्ही आठवडाभर टिकते. टॉनीने पिंपात आधीच भरपूर हवा खाल्लेली असल्याने ती फ्रिजमध्ये काही आठवडे चांगली राहते. म्हणजे जुनी व्हिंटेज ही एकट्यादुकट्याने संपवण्याची गोष्टच नाही. ७५० मिलीच्या बाटलीतून ५० मिलीप्रमाणे १५ जणांना देता येते. आठ जणांनी काँट्री काढली, तर एकट्याला कधी परवडणार नाहीत अशा चार बाटल्या एका संध्याकाळी चाखायला मिळतात.

ही परंपराही जुनी आहे. पोर्टो शहरात ब्रिटिश पोर्ट व्यापाऱ्यांची 'फॅक्टरी हाउस' ही १८व्या शतकाच्या अखेरीस बांधलेली इमारत आहे. तिथे जेवणाची दोन दालने एकमेकांना लागून आहेत. जेवण एका दालनात होते आणि पोर्टसाठी सगळे उठून दुसऱ्या दालनात, त्याच क्रमाने बसतात. रश्शाचा वास पोर्टच्या आड येऊ नये, हा हेतू. बुधवारच्या भोजनात समोर आलेली व्हिंटेज कोणत्या वर्षाची आणि कोणत्या घराण्याची, हे ओळखण्याचा खेळही तिथे चालतो. ब्रिटिश रिवाजानुसार सुरई नेहमी डावीकडच्या माणसाकडे सरकवायची असते. कोणी ती अडवून बसला, तर त्याला 'नॉर्विचच्या बिशपना ओळखता का?' असे विचारतात. तेवढ्यावर समजणाऱ्याला समजते.

तुलना कशी मांडायची?

मांडणीचे चार सोपे प्रकार आहेत. पहिला, एकाच कंपनीच्या १०, २०, ३० आणि ४० वर्षांच्या टॉनी. वय चवीत काय करते हे यात सर्वांत स्पष्ट दिसते. नवशिक्यांसाठी हाच उत्तम. दुसरा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या फक्त २० वर्षांच्या टॉनी. यात प्रत्येक घराण्याची मिश्रणाची पद्धत कळते. तिसरा, एकाच वर्षाच्या, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या व्हिंटेज.

चौथा प्रकार दुर्मीळ, पण सर्वांत बोलका आहे. एकाच वर्षाची व्हिंटेज आणि कोल्येता शेजारी शेजारी ठेवायची. हंगाम एक, खोरे एक, वय एक. फरक इतकाच की एक काचेत वाढली आणि दुसरी लाकडात. १९९४ ची जोडी समोर आली, तर व्हिंटेज अजून गडद लाल दिसेल आणि तिच्यात सुकलेल्या करवंदाचा, तंबाखूचा वास असेल. कोल्येता पिंगट असेल आणि तिला अक्रोड, खारीक, संत्र्याच्या सालीचा वास येईल. दोन्हींना 'तीस वर्षांहून जुनी पोर्ट' म्हणणे बरोबरच, पण त्या एकाच पदार्थाच्या दोन चवी वाटत नाहीत.

तयारी फारशी नाही. व्हिंटेजची बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवायची, म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग मानेमागे मोबाइलचा टॉर्च धरून, हात न हलवता दुसऱ्या भांड्यात ओतायची आणि गाळ मानेशी दिसताच थांबायचे. मलमलच्या स्वच्छ फडक्यातून गाळली तरी चालते. टॉनीला यातले काही लागत नाही. टॉनी १२ ते १६ अंशांवर, म्हणजे फ्रिजमधून काढून थोड्या वेळाने द्यायची, व्हिंटेज १६ ते १८ अंशांवर. आपल्याकडे 'खोलीच्या तापमानाला' दिलेली पोर्ट बहुधा फार गरम असते आणि मग अल्कोहोलच नाकात जाते. प्यालेही चिंचोळ्या तोंडाचे, वास धरून ठेवणारे हवेत. चखण्याला पाणी आणि साधा पाव पुरे. खजूर, भाजलेले बदाम, बिबिंका हे सगळे चाखून झाल्यावर.

नावे झाकून चाखण्याची गरज काय?

कारण डोळे आणि किंमत दोन्ही जिभेला चकवतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात ५४ जणांना पांढरी वाइन बेचव लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून दिली. महाग सांगितलेली वाइन लोकांना अधिक आवडली आणि मेंदूतील आनंदाशी संबंधित भागही अधिक सक्रिय झालेला दिसला.

पोर्टच्या बाबतीत हा धोका दुप्पट असतो. 'चाळीस वर्षे' हे शब्द ऐकताच माणूस आदराने घोट घेतो. म्हणून बाटल्या कागदात गुंडाळून क्रमांक द्यावेत. ओतणाऱ्याशिवाय कोणाला ओळख माहीत नसावी. टॉनीचा रंग वय सांगून टाकतो, तेव्हा शक्य असल्यास दिवा मंद करावा. सर्वांनी आधी लिहावे, मग बोलावे. एकाने 'वा!' म्हटले की उरलेल्या सात जणांची मते त्या दिशेने सरकतात.

लिहिताना शब्द आपले वापरावेत. इंग्रजी पुस्तकांतील ब्लॅकबेरी आणि बटरस्कॉच आपल्यापैकी अनेकांनी चाखलेलेही नसतात. जांभूळ, करवंद, मनुका, काकवी, खारीक, मेथी, जुन्या लाकडी पेटीचा वास, हे शब्द टेबलावरच्या प्रत्येकाला एकाच वेळी कळतात. तुलनेसाठी तेच उपयोगाचे.

जुनी म्हणजे नेहमी श्रेष्ठ का?

नाही. नावे झाकून चाखताना ३० किंवा ४० वर्षांच्या टॉनीपेक्षा २० वर्षांची अधिक आवडली, असे म्हणणारे अनेक जण भेटतात. कारण तिच्यात फळ अजून शिल्लक असते आणि लाकडाचा संस्कारही पुरेसा झालेला असतो. जुन्या व्हिंटेजमध्ये आणखी एक अडचण आहे. प्रत्येक बाटली वेगळी म्हातारी होते. एकाच पेटीतील दोन बाटल्यांपैकी एक सुंदर आणि दुसरी बुचातील दोषामुळे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारणारी निघू शकते. म्हणून अनुभवी मंडळी जास्तीची एक बाटली हाताशी ठेवतात.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही आहे. टेलर या कंपनीने २०१० मध्ये 'सायन' नावाने १८५५ ची टॉनी बाजारात आणली. १८५७ च्या उठावाच्या दोन वर्षे आधी पिकलेल्या द्राक्षांची ही वाइन दीडशेहून अधिक वर्षे लाकडात राहिली होती. एवढी वर्षे तग धरणारी पोर्ट क्वचितच असते. अशी पिंपे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, म्हणूनच त्यांची बातमी होते.

किती प्यायची आणि काय लक्षात ठेवायचे?

चार नमुने, प्रत्येकी ५० मिली, २० टक्के अल्कोहोल. म्हणजे एकूण ४० मिली शुद्ध अल्कोहोल. ६५० मिलीच्या, ६ टक्क्यांच्या बिअरच्या पूर्ण बाटलीत ते ३९ मिली असते. गोड चवीमुळे हा भार जाणवत नाही. म्हणून व्यावसायिक चाखणारे घोट तोंडात फिरवून थुंकतात. त्यासाठी भांडे ठेवणे यात अपमान काही नाही. नमुना २५ मिलीचा केला तरी वास आणि चव कळायला पुरतो. अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो. आणि चाखून झाल्यावर गाडी चालवायची नाही.

घरात एखादी बाटली असेल, तर आज एवढेच करता येईल. ती खाली काढा, बूच पाहा, लेबलवर बाटलीत भरल्याचे वर्ष शोधा. टॉनी असेल आणि ते वर्ष बरेच जुने असेल, तर कोणत्याही मोठ्या प्रसंगाची वाट पाहू नका. येत्या रविवारी मंडळींना बोलवा.